लांबचं सोपं, जवळचं अवघड : पावसाळ्याआधीच्या हॅम नेटच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज सांगलीच्या विश्रामबागेत नेहमीच्या गच्चीवर आमच्या हॅम रेडिओ क्लबची बैठक झाली आणि वर्षभर नुसता चघळत होतो तो विषय एकदाचा हातात घेतला. पुराच्या वेळचं नेट, ठरल्या वेळी एका फ्रिक्वेन्सीवर जमून बोलणारे हौशी (हॅम) रेडिओवाले. म्हणजे सांगली, मिरज, कोल्हापूर, कराड, कोयनानगर, आटपाडी एवढ्या पट्ट्यात मोबाइल गेला, लाइट गेली, रस्ते तुटले तरी आपल्याला बोलता आलं पाहिजे, आणि बोलता आलं पाहिजे म्हणजे नुसतं "५९, ७३" (सिग्नल उत्तम, शुभेच्छा) करून मोकळं व्हायचं नाही तर एका गावचा निरोप दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा कागदावर उतरला पाहिजे.

२०१९ काय होतं ते इथं कुणाला सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पेठा पाण्यात, ८ तारखेला ब्रह्मनाळची बोट उलटली. त्या दिवसांत आमच्या गल्लीत ज्याला त्याला एकच काम होतं, पलीकडच्या गावातल्या माणसाचा फोन लावत बसायचं आणि तो लागायचा नाही. आमच्यातल्या तिघा-चौघांकडे तेव्हाही लायसन्स होतं, रिग (रेडिओ सेट) होते, पण एक ठरलेली फ्रिक्वेन्सी नाही, ठरलेली वेळ नाही, कोण कुणाला हाक मारणार ते ठरलेलं नाही. सेट कपाटात असून उपयोग नसतो, नेट लागतं, आणि नेट म्हणजे माणसांची सवय. ती पाणी दाराशी आल्यावर लागत नाही, आधी लावून घ्यावी लागते.

ठरलं ते असं. पहिलं, नदीकाठच्या जवळच्या गावांसाठी व्हीएचएफ, हातातल्या सेटच्या कमी पल्ल्याच्या लहरी. दुसरं, ३० ते २०० किलोमीटरसाठी ४० मीटर बँड (७ मेगाहर्ट्झच्या लघुलहरी) आणि गरज लागली तर ८० मीटर (साडेतीन मेगाहर्ट्झच्या वरच्या). तिसरं, निरोप लिहायची-वाचायची शिस्त, आणि हे खातं तारमास्तर काकांकडे. काका तार ऑफिसातून रिटायर झालेत, जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तरी त्यांचं बोट अजून मोर्सच्या कीवर तसंच चालतं. नेट कंट्रोल, म्हणजे कुणी कधी बोलायचं ते सांगणाऱ्या, कुपवाडच्या ताई. नोंदी मी ठेवणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

व्हीएचएफची चाचणी. सकाळी एक गट नृसिंहवाडीला, एक अंकलीच्या पुलाशी, एक इथं गच्चीवर. ५ वॅटचे हातातले सेट, त्यांचा तो रबरी अँटेना, फ्रिक्वेन्सी १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास. अंकलीपर्यंत ठीक, वाडीला मात्र घाटावरून काहीच नाही, कॅरिअर उघडल्याचा नुसता खरखराट.

यात सेटचा काही दोष नाही, हिशोबच तसा आहे. व्हीएचएफ जवळजवळ नजरेच्या रेषेत चालतं. अँटेना जितके मीटर उंच त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं, तेवढे किलोमीटर त्याचं क्षितिज. हातातला सेट दीड मीटरवर धरला तर ५ किलोमीटर, समोरचाही हातातच धरून उभा असेल तर दोघांचे मिळून १०. वाडी इथून सरळ रेषेत त्याच्या बरीच पुढं, मध्ये ऊस. मग दुपारी दोन्हीकडं जे-पोल (उभे अँटेना) उभे केले, इथं गच्चीवर काठी लावून, तिथं एका ओळखीच्या घराच्या टेरेसवर, दोन्ही साधारण १२ मीटरवर. आता प्रत्येकी १४ म्हणजे २८ किलोमीटरचा हिशोब, आणि त्याच सेटवर त्याच ५ वॅटला आवाज एकदम स्वच्छ, तिथल्या देवळातली घंटासुद्धा ऐकू आली. नवीन पोरांना हे डोळ्यांनी बघायला मिळालं ते फार चांगलं झालं, कारण सगळ्यांना वाटत असतं की जास्त वॅटचा सेट घेतला की काम झालं. वॅटचे पैसे वाचवा आणि कोॲक्स (अँटेनाची केबल) नि काठी घ्या.

दंडोबाच्या डोंगरावर एक माणूस हातातला सेट घेऊन बसला तर मिरज, कवठेमहांकाळ दोन्हीकडं बोलू शकतो आणि रिले करू शकतो. पण भर पावसात दंडोबावर कोण आणि किती वेळ बसणार. तो पर्याय कागदावर ठेवलाय, भरवसा नाही ठेवलेला.

२ मार्च, रविवार

अँटेना बांधायचा दिवस. ४० मीटरचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली दोन वायरींचा अँटेना), १४३ भागिले ७.१ मेगाहर्ट्झ म्हणजे २० मीटर आणि थोडं वर, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरची वायर. घरातल्या वायरिंगची अडीच एमएम घेतली, ती कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते आणि पुरात तुटली तर दुसरी तिथंच मिळेल, हे महत्त्वाचं. टोकाला खांबाच्या ताणाला वापरतात ते चिनी मातीचे अंडा इन्सुलेटर. मधे बलून (वायर आणि केबल यांच्यातला जोड) म्हणून पीव्हीसी पाइपवर कोॲक्सचेच वेढे. कोॲक्स आरजी-५८, लांब जायचं असेल तिथं आरजी-२१३.

इथं मिरजेच्या दादांनी हातात घेतलं ते काम बघण्यासारखं होतं. दादांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे बनतात. आम्ही टेप लावून वायर कापायला निघालो तर म्हणाले, थांबा, नवीन तार आहे ना, आधी ताणून घ्या, मग मापा, नाहीतर आज जुळेल नि उद्या उतरेल. वायरचं एक टोक गेटच्या गजाला बांधलं, दुसरं एका दांडक्याला गुंडाळून दोघांनी अंग टाकून ओढलं, सोडलं, परत ओढलं. तांबं मऊ असतं, दहा मीटरला चांगली चार-पाच बोटं वाढली. मग कापली. सोल्डरिंगपण त्यांनीच केलं, पीएल-२५९ कनेक्टरच्या भोकांतून जाळी नीट पसरून, टाका चकचकीत आणि गोल, आत कुठं राळ अडकलेली नाही. त्यावर रबरी टेप ओढून ओढून, त्यावर साधी काळी टेप, आणि वर एम-सील. कोॲक्समध्ये एकदा पाणी शिरलं की ते जाळीतून चढत चढत आतपर्यंत जातं आणि मग ती कोॲक्स फेकूनच द्यावी लागते. पुरासाठी अँटेना बनवतोय तर पाण्याचा विचार जोडापासूनच पाहिजे.

कळक बुरुडाकडून आणले, पाडवा जवळ आल्यावर काठ्यांचे भाव चढतात म्हणून आत्ताच. तीन घेतले, जाड बघून, सहा-सहा मीटरचे.

२३ मार्च, रविवार

ही नोंद जरा लांबणार कारण आजच्या चाचणीसाठीच हा सगळा खटाटोप होता.

एचएफवर, म्हणजे या लघुलहरींवर, नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच खटकतं की इथून संध्याकाळी ४० मीटरवर कोलकात्याशी बोलता येतं, रात्री युरोप ऐकू येतो, आणि कोयनानगर, जे सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, ते लागत नाही. जमिनीलगत जाणारी लहर सह्याद्रीच्या कुशीत शिरेपर्यंत मरते. आणि आभाळाकडं तिरकी गेलेली लहर आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत येते ती थेट हजार किलोमीटर पलीकडं उतरते. मधला पट्टा कोरडा. आपला सगळा पूर त्या कोरड्या पट्ट्यातच येतो.

उपाय जुना आहे, लष्करात पूर्वीपासून वापरतात, त्याला एनव्हिस म्हणतात. लहर तिरकी सोडायचीच नाही, सरळ डोक्यावर सोडायची. ती तीनेकशे किलोमीटर वर जाऊन कारंज्यासारखी खाली पडते आणि भोवतालचे दोन-तीनशे किलोमीटर भिजतात, मध्ये डोंगर असो नाहीतर दरी, काही फरक पडत नाही कारण ती डोंगराच्या वरून येते. आणि लहर डोक्यावर जावी म्हणून अँटेना खाली टांगायचा. हे ऐकून सगळ्यांना वाटतं काहीतरी उलटं सांगतायत. ४० मीटरचा डायपोल २० मीटर उंचीवर नेला की सरळ वर जवळजवळ काही जातच नाही, आणि ४ ते १० मीटरवर ठेवला की बहुतेक सगळं वरच जातं.

आज संध्याकाळी सहा ते आठ. क्लबच्या सरांच्या गच्चीवर दहा मीटरचा व्हर्टिकल (उभा अँटेना) आधीपासून आहे, त्याचा हात डोक्यावर पोचतच नाही, लांबचं काम त्याचं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये आपला नवीन डायपोल, कळकावर मध्य पाच मीटरवर, टोकं दोन मीटरवर. एकच रिग, मध्ये स्विच, ५० वॅट. पन्नास यासाठी की रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या (सुरुवातीच्या लायसन्सच्या) पोरांना तेवढीच मुभा आहे आणि नेट त्यांच्यासकट चालायला पाहिजे.

व्हर्टिकलवर कोयनानगरचे ओएम (हॅम मित्र) म्हणजे आवाजाच्या तळाशी कुणीतरी आहे एवढंच, कॉलसाइन माहीत होता म्हणून कळला. स्विच फिरवला आणि ते खोलीत येऊन बसल्यासारखे बोलायला लागले. ५९ आणि वर. कोल्हापूर, कराड, आटपाडी तिन्ही आले. आणि दुसरी गोष्ट, नॉइज उतरला, दोन एस-युनिट (सिग्नल मोजायचं माप) तरी, कारण खालचा अँटेना लांबून येणारा कचरा घेतच नाही. आटपाडीचे गुरुजी म्हणाले, अहो इतकी वर्षं आपण सकाळी दिल्लीशी बोलतोय आणि आज पहिल्यांदा सांगली ऐकली.

सगळ्यांनी एकेक डायपोल हाच बनवायचा, याच मापाचा. कुणाचीही वायर कुणालाही लागली पाहिजे.

१८ एप्रिल, शुक्रवार

जागतिक हॅम रेडिओ दिवस, आणि यंदाचा विशेष, कारण १९२५ मध्ये पॅरिसला हॅमची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली त्याला आज बरोबर शंभर वर्षं. गुड फ्रायडेची सुट्टी असल्याने पोरं भरपूर आली. एका शाळेच्या मैदानात टेबल मांडलं, बॅटरीवर रिग, खाली टांगलेला डायपोल, बाजूला हातातले सेट.

मुलांना सगळ्यात आवडलं ते फॉक्स हंट. एक छोटा ट्रान्समीटर झुडपात लपवायचा आणि मोजपट्टीच्या पोलादी टेपपासून केलेला यागी (एका दिशेनं ऐकणारा अँटेना) घेऊन शोधायचा. स्टीलची टेप वाकते, दारातून जाते, झुडपात अडकत नाही, सोडली की परत सरळ. सातवीतल्या दोन मुलींनी सगळ्यांच्या आधी शोधला, त्या आवाज मोठा कुठं होतो ते बघत नव्हत्या, बंद कुठं होतो ते बघत होत्या, आणि तेच बरोबर आहे, यागीच्या बाजूची आंधळी दिशा जास्त नेमकी असते. त्यातली एक बाराची झालीये, म्हणजे परीक्षेला बसू शकते. तिच्या आईला माहिती दिली. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, अर्ज ऑनलाइन. वरच्या जनरल ग्रेडला मात्र मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स, त्याचा वर्ग काका दर शनिवारी घेतील.

पालकांपैकी बऱ्याच जणांनी विचारलं, मोबाइल असताना हे कशाला. सरांनी त्यांना अंदमानचं सांगितलं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांची हॅम टीम पोर्ट ब्लेअरला गेली होती ती दुर्मिळ ठिकाणाहून जगाशी बोलायच्या हौसेनं. २६ तारखेला सुनामी आली आणि त्याच सेटवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर जायला लागली. सेट तिथं होते, अँटेना उभे होते, माणसं रात्रंदिवस ऑपरेट करायच्या तयारीची होती, म्हणून जमलं. मी बघत होतो, एवढं ऐकल्यावर पुन्हा तो प्रश्न कुणी विचारला नाही.

२७ एप्रिल, रविवार

तासगावला काकांच्या द्राक्षबागेत रात्रीचा मुक्काम, पहाटेची चाचणी. खरड छाटणी होऊन गेलीये त्यामुळं मांडव उघडा, बेदाण्याच्या शेडमध्ये झोपायची सोय.

आधी एक गंमतशीर तांत्रिक गोष्ट. डायपोल मांडवावर आडवा टांगला, आणि मांडव म्हणजे सगळ्या जीआयच्या तारा, पसरलेल्या. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं यंत्र) लावला तर ७.१ वरचा डिप (अँटेना जुळल्याची खूण) घसरून ६.९ च्या आसपास. खाली एवढा लोखंडाचा पसारा असल्यावर सरकणारच. दोन्ही टोकं वीतभर आणि वर चार बोटं उलटी दुमडून बांधली, आला जागेवर. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला त्याचं माप) दोनच्या जवळ राहिला, चालतंय. एनव्हिससाठी मुद्दाम डायपोलखाली जमिनीवर वायर अंथरतात, आरशासारखी, इथं तो आरसा आयता मिळाला. खरंच किती फायदा झाला ते सांगायला शेजारी मांडवाशिवायचा दुसरा अँटेना पाहिजे होता, तो पुढच्या वेळी. नॉइज मात्र एस-२, शहरात आम्ही एस-७ मध्ये बसतो, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, चार्जर यांच्या गोंगाटात. कान एकदम धुतल्यासारखे वाटले.

रात्री दहापर्यंत ४० वर सगळे स्टेशन येत होते. पहाटे पाचला ताईंनी हाक मारली, कराड नाही, कोयना नाही, कोल्हापूर नाही. दिल्लीकडचे दोघं आपसात बोलतायत ते स्वच्छ. रात्रभर ऊन नसतं, वरचा थर विरळ होत जातो, आणि पहाटे तो इतका विरळ होतो की सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्झची लहर परत न येता अवकाशात निघून जाते. तिरकी गेलेली तेवढी परत येते, म्हणून दिल्ली येते. मग ८० वर उतरलो, ३.६ च्या आसपास, त्याची वायर चाळीस मीटर, ती त्याच बलूनला दुसरी जोडी म्हणून बांधलेली होती. ताईंची पहिलीच हाक आणि कोयनानगरकडून उत्तर. आवाज जाड, संथ, पण शब्दन्‌शब्द.

त्यामुळं नेटचा नियम झाला: सकाळी आठ ते रात्री दहा ४० मीटर, त्यानंतर आणि पहाटे ८०. दुपारी ८० वर जायचंच नाही, खालचा डी थर दिवसा ते गिळून टाकतो. हे वेळापत्रक लॅमिनेट करून प्रत्येकाच्या सेटला चिकटवायचं, कारण पुराच्या रात्री तीन वाजता डोकं चालत नाही आणि फोन करून विचारायची सोय नसते.

११ मे, रविवार

भारत-पाक संघर्षामुळं आठवडा तणावाचा गेला. ७ तारखेला देशभर मॉक ड्रिल झाली. क्लबच्या ग्रुपवर ठरवून कुणी काही अफवा, फॉरवर्ड टाकलं नाही, नेटवरही हवामान आणि सिग्नल रिपोर्ट सोडून काही बोललो नाही.

वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ई-कॉमर्स साइट्सना नोटिसा काढल्यात आणि माझं मत विचाराल तर ते योग्यच झालं. दोन-तीन हजारांत सेट मिळतो, खोक्यावर कुठं लिहिलेलं नसतं की लायसन्स लागतं, आणि मग ट्रेकला नाहीतर लग्नाला घेऊन जाणारे कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलत बसतात, ती पोलिसांची असेल, रेल्वेची असेल, आपली असेल. आपली व्हीएचएफची जागा १४४ ते १४६ एवढीच. पुराच्या वेळी त्या दोन मेगाहर्ट्झमध्ये कुणी अनोळखी पोरं ओरडत बसली तर निरोप बुडेल. ज्यांना हौस आहे त्यांना हाकलायचं नाही, वर्गाला आणायचं.

२६ मे, सोमवार

पाऊस आला की! २४ तारखेला केरळात, काल तळकोकणात आणि आज मुंबईत, इतका लवकर मान्सून इथल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. आम्ही सगळी तयारी ७ जूनच्या हिशोबानं धरली होती. कालची मैदानातली चाचणी पावसानं धुतली, पण तेच बरं झालं, कळक ओला असताना, दोरी ओली असताना, चिखलात अँटेना उभा करायचा सराव झाला. सुतळी भिजली की गाठ सुटत नाही, नायलॉनची निसटते. नायलॉनला दोन फेरे जास्त घ्यायचे, एवढं साधं पण आता सगळ्यांच्या हाताला माहितीये.

बॅटरीचा हिशोब केला. १२ व्होल्ट ४० एएच. रिग ऐकताना १ अँपिअर, ५० वॅटला बोलताना साधारण १२. पाचातला एक भाग बोलणं धरलं तर सरासरी ३.२, म्हणजे कागदावर बारा तास. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरवायची नसते म्हणून सहा-सातच धरायचे. त्यामुळं प्रत्येक स्टेशनला दोन बॅटऱ्या आणि गाडीवरून चार्ज करायची केबल. पाणी आलं की ट्रॅक्टर सगळ्यात आधी उंचावर नेतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या बॅटरीला बसतील असे क्लिप सगळ्यांकडं पाहिजेत. सोलर पॅनेल एकाकडं आहे, त्याचा चार्जर मात्र ४० मीटरवर भयंकर घरघर सोडतो, नेट चालू असताना तो काढून ठेवायचा.

१५ जून, रविवार

तारमास्तर काकांचा दिवस.

काकांनी सगळ्यांना एकेक निरोप दिला आणि सांगितलं, सेटवरून पाठवा, पलीकडून लिहून आलेला कागद मला दाखवा. पहिला निरोप: "कवठ्याला दोन बोटी पाठवा." काकांनी कागद टेबलावर आपटला, म्हणाले, कुठल्या कवठ्याला? कवठेमहांकाळ, कवठे एकंद, का कवठे पिरान? एक दुष्काळी भागात, एक तासगावकडं, एक वारणेच्या काठाला. बोट कुठं जाणार? सगळे गप्प. मग वहीत गावांची यादीच काढली. कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज. वाळवा गाव आणि वाळवा तालुका. आणि सगळ्यात अवघड शिराळा, शिरोळ, शिरोली, हे तीन गोंगाटात एकसारखे ऐकू येतात, एक सांगली जिल्ह्यात, दोन कोल्हापूरला, तिघांनाही पुराचा धोका. नियम: गावाचं पूर्ण नाव, तालुका, आणि जवळची नदी. "शिरोळ, तालुका शिरोळ, पंचगंगा." लांब वाटतं पण चार सेकंद जातात.

आकड्यांचंही तसंच. एकोणसाठ की एकोणसत्तर, बासष्ट की बाहत्तर, खरखरीत काही कळत नाही. आकडा एकेक सुटा बोलायचा, "पाच, नऊ". आणि तारेसारखी शब्दसंख्या आधी सांगायची. निरोप अकरा शब्दांचा सांगितला आणि कागदावर दहाच उतरले तर लगेच कळतं की एक गळालाय. घेणाऱ्यानं सगळा निरोप परत वाचून दाखवायचा, देणाऱ्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय तो गेलाच नाही असं धरायचं. मनानं एक शब्दही बदलायचा नाही, सुधारायचा नाही, गाळायचा नाही. आमच्यातल्या एकानं "गरोदर बाई" च्या जागी "पेशंट" लिहिलं होतं. काका रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, बाळा, पेशंटला कुठलीही बोट चालते, गरोदर बाईला डॉक्टरबरोबरची बोट लागते.

ताई नेट कंट्रोल म्हणून फार चांगल्या आहेत. आवाज चढत नाही, घाई नाही, कोण आधी, कोण थांबेल ते दोन शब्दांत. "आटपाडी थांबा, कराड बोला." पंचवीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळलाय त्यांनी.

४ जुलै, शुक्रवार

आज प्रकल्पाबाहेरचं पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. शुभांशु शुक्ला गेल्या आठवड्यापासून अवकाश स्थानकावर आहेत आणि आज दुपारी ते बंगळुरूच्या मुलांशी हॅम रेडिओवरून बोलले. स्थानक चारेकशे किलोमीटरवरून जातं, त्याच्या रेडिओचा टप्पा एवढा मोठा की बंगळुरूवर असताना आपल्यालाही दिसतं. १४५.८०० एफएम. येताना ३.५ किलोहर्ट्झ वर ऐकू येतं, जाताना तेवढंच खाली, म्हणून सेटमध्ये .८०५, .८००, .७९५ अशी तीन मेमरी भरून ठेवली होती. गच्चीवर फॉक्स हंटचाच यागी, पाऊस थांबलेला, बाराची झालेली ती मुलगी अँटेना धरून.

आवाज आला. मुलांचे प्रश्न आपल्याला ऐकू येत नाहीत, ती दुसरी फ्रिक्वेन्सी, फक्त उत्तरं. तरी सगळे दहा मिनिटं श्वास धरून उभे होते. पोरगीचा हात थरथरत होता पण यागी सुटला नाही, सरांनी घ्यायला हात पुढं केला तर तिनं दिला नाही.

वारीला गेलेले दोघं पंढरपुरातून परवाच्या एकादशीनंतर येतील, त्यांच्यासाठी रेकॉर्डिंग ठेवलंय.

१३ जुलै, रविवार

पूर्ण ड्रिल. घरचा लाइट बंद, मोबाइल विमान मोडमध्ये टाकून डब्यात, सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी पहाटे सहा. प्रत्येक स्टेशनला बंद पाकिटं, वेळ आली की फोडायची, आत निरोप. वाडीचा निरोप व्हीएचएफवरून सांगलीला, सांगलीहून ४० वर कोयनेला, कोयनेचं उत्तर उलट वाटेनं परत वाडीला.

दिवसा सगळं सुरळीत. दुपारी कराडला जोराचा पाऊस, त्यांचा डायपोल एका बाजूनं खाली आला, तसाच जमिनीपासून हातभर वर राहिला, तरी त्यांचं बोलणं थोडं बारीक झालं एवढंच. त्यांनी तो उचललाही नाही, निरोप संपेपर्यंत तसंच काम केलं.

खरी परीक्षा रात्री. ८० मीटरवर पावसाळ्यात विजांचा कडकडाट येतो, शेकडो किलोमीटरवरच्या ढगांचासुद्धा, आणि दोन वाजता तो इतका वाढला की आवाजातलं प्रत्येक तिसरं अक्षर जात होतं. आटपाडीचा निरोप ताईंनी दोनदा मागितला, दोनदा अर्धाच आला. मग काका पुढं सरकले, मायक्रोफोन बाजूला ठेवला आणि की घेतली. तिकडं गुरुजींकडंही जनरल लायसन्स आहे, दोघांनी बँडच्या खालच्या टोकाला जाऊन मोर्समध्ये सुरू केलं. विजेचा कडाका एखादा ठिपका खातो पण शिट्टीचा सूर त्याच्या खालून चालूच राहतो. काका डोळे मिटून लिहीत होते, अक्षर अक्षर, शेवटी शब्द मोजले, सतरा सांगितलेले, सतरा भरले. परत वाचून पाठवले. गुरुजींकडून "आर" (म्हणजे मिळालं) आलं.

सकाळी सगळे कागद एकत्र मांडले. दिवसाचे सगळे निरोप जसेच्या तसे. रात्रीचे दोन उशिरा पण पूर्ण, एक पोचलाच नाही, कोल्हापूरची बॅटरी पहाटे चारला बसली होती. तिथं दुसरी बॅटरी आठवड्याच्या आत जाणार, दादा स्वतः घेऊन जातायत.

मोर्सच्या शनिवारच्या वर्गाला आजपासून आणखी पाच जण. नेट दर रविवारी सकाळी आठला ४० मीटरवर, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे पाचला ८० वर. निरोपाचे छापील फॉर्म ताईंकडं आहेत, ज्यांचे संपले त्यांनी सांगा. गावांची यादी वाढवतोय, आपापल्या तालुक्यातली सारख्या नावांची गावं पुढच्या नेटला सांगा, पलूस आणि शिरोळची अजून आलेली नाहीत.